मदत हवी आहे : ‘माइंड युवर लँग्वेज’ची डीव्हीडी

लंडनमधील प्रौढांच्या इंग्रजी वर्गावरील या विनोदी मालिकेचा पहिला भाग, ज्यात बॅरी इव्हान्स यांचे ब्राउन मास्तर आणि उठता बसता ‘हजारदा क्षमा’ मागणारा रणजीत प्रथम समोरासमोर येतात, डिसेंबर १९७७ मध्ये प्रसारित झाला. तो स्वच्छ प्रतीत संग्रही असावा म्हणून ब्रिटनमधील डीव्हीडी संच मागवण्याचा विचार आहे. मात्र तिकडच्या तबकड्या सहसा विभाग २ च्या आणि आपले प्लेअर विभाग ५ चे (डीव्हीडीसाठी जगाचे असे क्रमांकित विभाग पाडलेले असून एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर सहसा चालत नाही) असल्याने घोडे अडले आहे.

ज्यांच्याकडे हा संच आहे, त्यांनी वेष्टनामागील पृथ्वीगोलाच्या चिन्हात कोणता आकडा छापला आहे, उपशीर्षके आहेत का आणि १९८६ चे चौथे पर्व (त्याला आधीच्या तिघांची सर नाही, तरीही) त्यात समाविष्ट आहे का, हे कृपया कळवावे.