काय वाचता ते नको, तिथवर पोचलात कसे ते सांगा

‘वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं’ छापाच्या याद्या सगळ्यांकडे आहेत. इथे त्या नकोत. पुस्तक, लेख, अंक हाताला लागला कसा, तेवढंच लिहा. (वाण्याच्या पुडीचा कागद वाचत मोठे झालो, हे आपलं सगळ्यांचंच लिहून झालंय. तो सोडून!)

सुरुवात मी करते. वाचनालयात गेले की कपाटांकडे वळतच नाही. काउंटरवर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो, तो आधी उपसते. ढिगातलं पुस्तक नुकतंच कुणीतरी घरी नेऊन आणलेलं असतं. मग आतल्या चिठ्ठीवरचे तारखांचे शिक्के बघायचे. बरीच वर्षं कोरी आणि अचानक ओळीने चार शिक्के, असं दिसलं की मी ते उचलतेच. आता नोंदी संगणकावर गेल्यात आणि माझी पंचाईत झालीय.

डोंबिवली
सकाळच्या लोकलमध्ये जाडं पुस्तक उघडता येत नाही, म्हणून फोन. इंटरनेट आर्काइव्ह या फुकट संकेतस्थळावर ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’तली जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून ठेवलीत. सापडणं मात्र कर्मकठीण. बऱ्याच नोंदी रोमन लिपीत, आणि एकाच आडनावाची स्पेलिंगं चार तऱ्हांची. त्यामुळे मी लेखकाचं नाव टाकतच नाही. ‘प्रवास’, ‘आठवणी’, ‘आत्मवृत्त’ असले शब्द उलटसुलट टाकत बसतो.

खरी गंमत शेवटच्या पानांत आहे. जुन्या पुस्तकांच्या मागे प्रकाशक आपल्या इतर पुस्तकांच्या जाहिराती छापायचे, किंमत रुपये-आण्यांत, टपालखर्च निराळा. मी त्या जाहिरातीतलं एखादं नाव उचलून पुन्हा शोधायला लागतो. त्यातून असे लेखक वाचले, ज्यांचं नाव कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं. काही अगदीच टुकार निघाले, तेही पूर्ण वाचले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे हक्क संपतो, तेव्हा फार जुन्यांचं बिनधास्त उतरवून घ्या. हयात लेखकांची फुकट पीडीएफ मात्र ग्रुपवर फिरवू नका, प्लीज.

यवतमाळ जिल्हा
गावातलं वाचनालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी प्रतवारीत सगळ्यांत खालचं, एका खोलीचं. कपाटातलं सगळं केव्हाच वाचून झालं. मग मराठी विश्वकोश ऑनलाइन मिळाला. नोंदीत मधेच बाण असतो, म्हणजे त्या विषयाची वेगळी नोंद आहे. कापसावरून निघालो तो रंगांवर, तिथून रसायनांवर. शेवटी संदर्भग्रंथांची नावं असतात, ती वहीत उतरवतो आणि पुण्याला कुणी जाणारं भेटलं की वही दाखवतो. अप्पा बळवंत चौकातून आलेल्या पिशव्या आमच्याकडे लग्नाच्या आहेरासारख्या उघडल्या जातात.

दुबई
आमच्याकडे कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पेटी फिरते. पेटीत काय असावं, हे आपल्या हातात नाही. मी हट्टाने फक्त कथा-कादंबऱ्या वाचणारी. पेटीत कादंबरी शिल्लक नव्हती म्हणून एका शेतीतज्ज्ञाचं आत्मचरित्र घेतलं, आणि आता तसलीच शोधत असते.

सांगली
फोनवरच्या शिफारशींचं मला काही सांगू नका. एकदा एक ऐतिहासिक कादंबरी घेतली, तेव्हापासून दुकान मला तलवारीच दाखवतंय.

माझा मार्ग दिवाळी अंकांचा. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही सोय, आणि अजून हिच्याइतकी चांगली मला सापडली नाही. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत एकदाच पैसे भरायचे आणि अंक बदलत राहायचे. पहिल्या महिन्यात नावाजलेल्या अंकांवर उड्या पडतात. मी थांबतो. होळीच्या सुमाराला उरलेले, कुणी न नेलेले अंक आरामात मिळतात. तालुक्याच्या गावांहून निघालेले, जाहिराती बेताच्या असलेले. नवे कथाकार मला तिथेच भेटले. कथा आवडली की लेखकाचं नाव घालून त्याचं आणखी कुठे काही आलंय का, ते नेटवर बघतो.

धागाकर्ती
सांगलीकर, हे पटलं. यंदा मीही उरलेल्यांवर डोळा ठेवते. डोंबिवलीकर, त्या जाहिरातींच्या पानांचे फोटो टाका ना इथे.

बेळगाव
जुने दिवाळी अंक आमच्याकडे रद्दीत किलोवर जातात. योजना संपल्यावर वाचनालयं ते विकतात का, आणि साधारण कधी? कुणाला माहीत असल्यास कळवा. मी येऊन घेऊन जाईन.