यादी बोर्डावर लावून काय होणार?

दादा, लैंगिक गुन्हेगारांबद्दल "असली माणसं सुधरत नसतात, ८० टक्के परत तेच करतात, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर फोटो लावा" हे तुम्ही रागातनं लिहिलंय, राग मलापण येतो. पण तो ८० चा आकडा कुठनं आला बघा जरा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात २००२ साली तो आला आणि नंतर लोकांनी माग काढला तर १९८६ च्या एका मासिकातलं बिनपुराव्याचं वाक्य निघालं! तिथल्याच न्याय खात्याने १९९४ ला तुरुंगातनं सुटलेले असे ९,६९१ गुन्हेगार तपासले, ३ वर्षांत परत लैंगिक गुन्ह्यात अटक झाली ५.३ टक्क्यांना. सगळ्या तक्रारी होत नाहीत म्हणजे खरा आकडा जास्तच असणार हे मान्य, तरी कुठं ८० आणि कुठं ५.

आपल्याकडं २०१८ पासनं अशी यादी आहेच, फक्त पोलिसांना बघता येते आणि तेच बरंय. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) आकड्यात बलात्काराच्या ९५ टक्क्यांच्या आसपास केसेसमध्ये आरोपी ओळखीचाच असतो. चुलता, शेजारी, शिकवणीवाला. गावात चुलत्याचा फोटो लागला की पोरगी कोण हे वेगळं सांगायला लागतंय व्हय? तिचं नाव आधी फुटणार.

आणि आपल्या तासगाव-मिरज साईडला १७ ची पोरगी अन् २० चा पोरगा पळून गेले, बापाने तक्रार दिली की लागला पोक्सो (१८ खालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा), तिची मर्जी कायदा धरतच नाही. त्या पोराचा फोटोपण त्याच बोर्डावर का?