सांभाळणाऱ्याला मोबदला मिळतो का? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी-३०२, रात्री ९.१२
नमस्कार. प्रश्न घरचा आहे, पण आपल्या सोसायटीत आणखी दोन-तीन घरांचा तोच असावा, म्हणून ग्रुपवर विचारते. माझे धाकटे दीर ३४ वर्षांचे असून त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर ताबा नाही. सासूबाई गेल्या त्याला सहा वर्षे झाली, तेव्हापासून त्यांचे सगळे मीच करते. पहाटे साडेपाचला त्यांना कुशीवर वळवायचे, पाठीवर कुठे लाली आली आहे का ते पाहायचे, आवळलेल्या मुठी एकेक बोट सोडवून आतून पुसायच्या, भाकरी दुधात पार मऊ होईपर्यंत कुस्करून मान सरळ धरून भरवायची. एका जेवणाला पाऊण तास जातो. त्यासाठी इथल्या, कोल्हापुरातल्या, राजारामपुरीतल्या दुकानातली हिशेबाची नोकरी मी सोडली आणि त्याचे मला दुःख नाही. मात्र कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने परवा सांगितले की, तिथे सरकारच्या योजनेतून आईवडिलांना किंवा नवऱ्यालासुद्धा घरच्या माणसाला सांभाळण्याची मजुरी मिळते. अंघोळ, भरवणे, उचलून बसवणे अशा कामांचे तास सरकारी माणूस घरी येऊन ठरवतो, महिन्याला जास्तीत जास्त २८३ तास, आणि सांभाळणारा त्याची नोंद भरून पैसे घेतो. आपल्याकडे असे काही आहे का?

सी-२०५, रात्री ९.२०
वहिनी, तुम्ही भाऊजींचे किती करता हे आम्ही रोज पाहतो. तरीही मनात आले ते विचारतो, राग मानू नये. आपल्याच माणसाचे करायचे आणि त्याचे सरकारकडून पैसे घ्यायचे, हे आपल्याला रुचेल का?

डी-४०१, रात्री ९.३४
दादा, माझा मुलगा १९ वर्षांचा आहे आणि त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, म्हणून मीच उत्तर देते. माया आहे म्हणूनच आम्ही करतो. पण मायेने डायपर, औषधे आणि रिक्षाभाडे भागत नाही, आणि नोकरी सुटलेल्या बाईच्या नावावर म्हातारपणासाठी पै जमा होत नाही. हेच काम बाहेरच्या बाईने केले तर आपण तिला महिन्याचा पगार देतो आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. सुनेने किंवा आईने केले म्हणून ते काम नाही, असे कसे म्हणता येईल?

ए-१०३, रात्री १०.०५
मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. वहिनी, तासाप्रमाणे मजुरी देणारी अशी योजना आपल्या राज्यात नाही. कायद्यात मात्र तुमची दखल आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये काळजीवाहकाची व्याख्या करताना आईवडील आणि घरचे इतर लोक, मोबदला घेऊन किंवा न घेता सांभाळणारे, हे सगळे धरलेले आहेत. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. परंतु त्या कलमाच्या सुरुवातीलाच शासनाने हे आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करावे असे शब्द आहेत, आणि घोडे तिथेच अडते. केरळने २०१० मध्ये आश्वासकिरणम् योजना सुरू करून अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांना दरमहा मदत द्यायला सुरुवात केली, ती पुढे ६०० रुपयांपर्यंत गेली. रक्कम तुटपुंजी आहे हे खरे, पण ती सांभाळणाऱ्याच्या कामासाठी म्हणून दिली जाते, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे जे मिळते ते भाऊजींच्या नावाने मिळते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना पूर्वी महिना १,५०० रुपये मिळत, ते २०२५ मध्ये २,५०० करण्यात आले. अर्ज आपल्याकडे करवीर तहसील कार्यालयात जातो. अडचण उत्पन्नाच्या अटीची आहे. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला जेमतेम ४,१६६ रुपये. घरात एक जण साध्या पगारावर असला तरी ते घर बाहेर पडते. ही मर्यादा अन्यायकारक आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दिव्यांग माणूस घरात असला की त्याच पगारातून दुप्पट खर्च होतो.

बी-३०२, रात्री १०.१८
काका, आमचे तिथेच अडेल. ह्यांना पगार आहे आणि करही कापला जातो.

ए-१०३, रात्री १०.३१
मग दुसरी वाट पाहा. तुमचे यजमान आयकराची जुनी पद्धत निवडत असतील, तर अवलंबून असलेल्या दिव्यांग भावासाठी त्यांना उत्पन्नातून वजावट घेता येते (१९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ८०डीडी). दिव्यांगत्व ४० टक्क्यांपासून पुढे असेल तर ७५,००० आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर १,२५,००० रुपये, प्रत्यक्ष खर्च कितीही झालेला असो. २० टक्क्यांच्या टप्प्यात सव्वा लाखावर उपकरासह २६,००० रुपये वाचतात. नव्या पद्धतीत ही सवलत नाही, म्हणून दोन्हींचा हिशेब मांडूनच ठरवा. ती रक्कम घरात तुमच्या नावाने बाजूला ठेवावी, ही माझी वैयक्तिक सूचना.

डी-४०१, रात्री १०.४४
ताई, भाऊजींचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, झाले आहे का? नसेल तर आधी ते करा, कारण पुढची प्रत्येक खिडकी तेच मागते. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून तपासणी सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात, करून घ्यावी लागेल. सेरेब्रल पाल्सी राष्ट्रीय न्यासाच्या (अशा दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) कायद्यात येत असल्यामुळे त्यांना न्यासाचा निरामय आरोग्य विमाही घेता येईल. त्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे, आधीच्या आजाराची अट नाही आणि थेरपीचा खर्चही धरतात. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती तुम्हाला आजच सांगते. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडीलही कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. भाऊजींच्या नावावर खाते असेल, सासऱ्यांच्या घरात वाटा असेल, तर हे नक्की करा.

बी-३०२, रात्री १०.५८
कार्ड झालेले नाही. मागे आधार अद्ययावत करायला एका केंद्रात गेलो होतो, तेव्हा त्यांची मूठ उघडेना. तिथल्या मुलाने बोट ओढून यंत्रावर दाबले, ते कळवळले आणि मी त्यांना तसेच घरी आणले. त्यानंतर माझे धाडसच झाले नाही.

ए-१०३, रात्री ११.०४
बोटांचे ठसे येत नसतील तर डोळ्यांच्या बुबुळांवरून नोंद घेता येते, आणि अंथरुणावरच्या व्यक्तीसाठी घरी येऊन नोंदणी करण्याचीही सोय आहे. त्यांचे बोट पुन्हा कुणाला ओढू देऊ नका. हा अर्ज मी स्वतः लिहून देतो. त्याबरोबर आणखी एक अर्ज लिहू, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३८ खाली भाऊजींना अधिक आधाराची गरज असल्याचे मूल्यमापन व्हावे म्हणून. तो त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणालाही करता येतो. काळजीवाहक भत्ता उद्या सुरू झाला तर याच नोंदी उपयोगी पडतील, आणि तो सुरू व्हावा यासाठीही असे अर्ज सरकारदरबारी साठले पाहिजेत. महापालिकेला दिव्यांगांच्या कल्याणासाठी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के राखून ठेवावे लागतात, त्यातून काय मिळते याचीही सोमवारी चौकशी करतो.

सी-२०५, रात्री ११.१०
डी-४०१ च्या ताईंचे म्हणणे मला पटले. माझ्याकडे गाडी आहे. सीपीआरला जायचा दिवस ठरला की भाऊजींना नेण्या-आणण्याचे मी पाहीन. उचलायलाही दोन माणसे लागतीलच.

बी-३०२, रात्री ११.१६
सर्वांची आभारी आहे. रविवारी दहाला खाली ऑफिसात आधार, पासबुक आणि जुने डॉक्टरी कागद घेऊन येते. अकराला मात्र मला वर जावे लागेल, त्यांची भरवायची वेळ असते.