इंग्रजी वाक्प्रचार तुम्हाला खरे कधी उमगले? (अनुभव धागा)

मी आठवीला इंग्रजी शिकवतो. 'रीड द रायट अ‍ॅक्ट' म्हणजे कडक तंबी देणे, असं वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. यंदा एका मुलीनं विचारलं, "सर, पण त्यात वाचायचं काय असतं?" घरी येऊन शोधलं. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १७१५ पासून हा कायदा खरोखरच लागू होता. बारा किंवा जास्त माणसांनी दंगा मांडला की अधिकाऱ्यानं ठरलेला मजकूर मोठ्यानं वाचायचा. तासाभरात जमाव पांगला नाही, तर शिक्षा देहदंडाची. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, तर मुलंच म्हणाली, "म्हणजे जमावबंदी!" नुसता अर्थ पाठ करून घेण्यात किती वर्षं गेली, याची हळहळ वाटली. तुम्हाला असा एखादा वाक्प्रचार उलगडला असेल तर इथे जरूर लिहा. फक्त ऐकीव गोष्ट आधी पडताळून पाहा.

दापोलीहून
माझ्या आजोबांचा मचवा होता, म्हणून हे माझ्या फार जवळचं. 'बाय अँड लार्ज' म्हणजे एकंदरीत. शब्द शिडाच्या जहाजांवरचे. 'बाय' म्हणजे जमेल तितकं वाऱ्याच्या तोंडाशी जाणं, 'लार्ज' म्हणजे वारा मागून घेऊन जाणं. दोन्ही तऱ्हांनी नीट चालेल ते तारू चांगलं. 'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे दारूनं झिंगलेला. यातलं शीट म्हणजे शीड, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण शीट हा दोर. शिडाचा खालचा कोपरा तोच ताणून धरतो. तो सुटला की शीड फडफडतं, तारू भरकटतं. "दोर सोडू नको रे!" हा आजोबांचा आवाज मला त्या शब्दांत ऐकू येतो.

नाटकाच्या विंगेतून
'स्टील समवन्स थंडर' म्हणजे दुसऱ्याचं श्रेय किंवा कौतुक आपण लाटणं. जॉन डेनिस नावाच्या नाटककारानं १७०९ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात आपल्या नाटकासाठी गडगडाटाची नवी युक्ती काढली. नाटक पडलं. पुढे तिथेच 'मॅकबेथ'ला तोच गडगडाट ऐकून तो संतापला, माझं नाटक चालू देत नाहीत आणि माझा गडगडाट मात्र चोरतात म्हणाला, अशी हकिगत सांगतात. मी स्वतः स्पर्धेच्या नाटकांत पत्रा हलवून वीज कडाडवली आहे. एकदा आमची तयार केलेली युक्ती दुसऱ्या संघानं आमच्या आधीच्या प्रयोगात वापरली. आमच्या वेळी प्रेक्षक ढिम्म. त्या रात्री डेनिसचं दुःख मला पुरतं कळलं.

परिचारिका, नाशिक
'बाइट द बुलेट' म्हणजे नाइलाजानं सोसणं. भूल नसताना शस्त्रक्रियेत जखमी सैनिकाच्या तोंडात गोळी देत, असं आम्हाला शिकवलं होतं. पण १७९६ च्या एका इंग्रजी बोलीकोशात वेगळंच सापडलं: चाबकाचे फटके खाताना ओरडू नये म्हणून काही पलटणींतले सैनिक गोळी चावत. ओरडणं कमीपणाचं मानत. वॉर्डात दात आवळून पडलेला रुग्ण दिसला की मी आता आवर्जून सांगते, "दुखतंय तर ओरडा, दादा."

लेस्टर, इंग्लंड
इथे अवजड ट्रकला 'जगरनॉट' म्हणतात. वाटेत येईल ते चिरडणाऱ्या शक्तीलाही तेच. शब्द आपल्या जगन्नाथाचा. पुरीच्या रथाखाली भक्त चिरडून घेतात, अशी वर्णनं युरोपीय प्रवाशांनी लिहिली आणि तेवढीच प्रतिमा भाषेत उरली. आमच्या देवघरात पुरीचा फोटो आहे. लेकीला दोन्ही एकत्र दाखवलं, तर ती म्हणाली, "आई, पण याचे डोळे तर किती प्रेमळ आहेत."