वारा तोच, ढग तेच, मग इगतपुरीला धो धो अन् सिन्नरला भुरभुर का?

सिन्नरकर_शेती
मंडळी एक विचारायचंय. जुलैत आमच्याकडं वारा असा सुटतो की दाराला कडी लावून बसावं लागतं, काळे ढग डोक्यावरून पळत जातात, पण पडतं काय तर भुरभुर. त्याच दिवशी इगतपुरीला मुसळधार. विंडी (हवामानाचं ॲप) उघडलं तर वाऱ्याचे बाण सगळे पश्चिमेकडून, तिकडून निघून इकडंच येतात. घाट पाऊस अडवतो असं सगळे सांगतात पण अडवतो म्हणजे नेमकं काय करतो? ढग तर अडलेले दिसत नाहीत.

घोटीवाला
भाऊ घाट ढगाला अडवत नाही, हवेला वर ढकलतो. समुद्रावरून आडवी आलेली हवा कसाऱ्याला पोचली की पुढं चढच आहे, घाटमाथा 600 मीटरच्या आसपास अन् बाजूला कळसूबाई 1646, मग वर गेल्याशिवाय तिला वाटच नाही. वर दाब कमी, त्यामुळं हवा पसरते अन् पसरली की गार होते, ढग धरायच्या आधी किलोमीटरमागं साधारण 10 डिग्रीनं. गार झाली की वाफेचं पाणी. आमच्या इथं पावसाळ्यात खिडकी उघडी राहिली तर ढग घरात शिरतो, वाळत घातलेले कपडे आणखीनच ओले होतात. तुमच्याकडं येईपर्यंत चढ संपलेला असतो, उलट हवा थोडी खाली उतरते, उतरली की दाबली जाते, तापते अन् ढगातले बारीक थेंब परत विरतात. तुम्हाला दिसतात ते उरलेसुरले ढग.

गंगापूर_रोड
मग 2019 च्या ऑगस्टमधे गोदावरीला एवढा पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात गेला, ते कसं? नाशिक शहर पण पठारावरच आहे की.

घोटीवाला
ते पाणी बरंचसं वरचं हो दादा, त्र्यंबक अन् गंगापूर धरणाच्या वरच्या भागातलं. पण सिन्नर-येवल्याकडं पण चांगला पाऊस होतो, फक्त तिथं हवा वर न्यायला डोंगर नाही, दुसरं कायतरी लागतं. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा मध्य प्रदेशापर्यंत आला की चहूकडून हवा त्याच्याकडं ओढली जाते, जमिनीत तर घुसू शकत नाही, मग वरच चढते. हे चढणं फार सावकाश असतं, सेकंदाला काही सेंटीमीटर फक्त, पण शेकडो किलोमीटरवर दिवसदिवस चालतं म्हणून झड लागते.

निफाड_द्राक्ष
आणि गारपिटीत याच्या एकदम उलट. मार्च-एप्रिलमधे खाली जमीन तापलेली, ओल आलेली अन् वरची हवा थंड, की चारला ढग उभा राहतो अन् बघता बघता कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत जातो. लिंबाएवढी गार वर तोलून धरायला आतला वारा ताशी 100 किमीच्या आसपास वर जावा लागतो! तयार घड असताना हे झालं की वर्षाची मेहनत दहा मिनिटात जाते, 2014 ला तर महाराष्ट्रभर पाहिलंय सगळ्यांनी. अन् थंडीत बघा, हवा वरून हळूहळू खाली बसते, आभाळ निरभ्र, रात्री जमिनीतली उष्णता निघून जाते अन् जड गार हवा नदीकाठच्या सखल भागात साचते. बागेत पहाटे शेकोटी पेटवतो तेव्हा धूर थोडा वर जातो अन् मग आडवाच पसरतो, वर जाईचना. बाग थंडीपासून वाचवायला आम्हाला तोच धूर पाहिजे असतो.

सिन्नरकर_शेती
आता डोक्यात बसलं. मग विंडीवर नुसते बाण बघून उपयोग नाही, काय बघू?

घोटीवाला
बाण बघाच, पण 850 अन् 700 एचपीए (हवेच्या दाबाचं माप) पातळीला आर्द्रता पण बघा, म्हणजे साधारण दीड अन् तीन किमी उंचीवर. 700 ला कोरडं दाखवत असेल तर खाली कितीही ढग पळू द्या, मोठ्या पावसाची आशा कमीच. दोन्हीकडं ओल अन् मध्य प्रदेशाकडं हवा गोल फिरताना दिसली की फवारणी पुढं ढकला. उन्हाळ्यात केपचा लेयर लावा, म्हणजे हवेत वर उसळायची ताकद किती साठलीय ते दिसतं.

सिन्नरकर_शेती
700 ला उद्यापर्यंत कोरडंच दाखवतंय. सोयाबीनची फवारणी सकाळी वारा वाढायच्या आत उरकून घेतो. धन्यवाद दादा.