गोष्ट लिहीत असताना गेम खेळावा का? माझं मत: नाही

सांजवात:
इंटरॅक्टिव्ह फिक्शन लिहिणाऱ्यांसाठी हा धागा काढतेय, म्हणजे ज्या गोष्टीत वाचक मधेमधे ठरवतो की आता जिना चढायचा की शेजारच्यांचं दार वाजवायचं, तशा गोष्टी. मी ट्वाईनमध्ये, म्हणजे अशा गोष्टी बनवायच्या टूलमध्ये, मराठीत एक लिहितेय. गिरगावातली चाळ, पाडकामाच्या आधीचा शेवटचा आठवडा, आणि आजीच्या बंद खोलीत तिचं नातवंड परत येतं. मागच्या ऑक्टोबरात सुरू केलं, मेपर्यंत ४१ पॅसेज (म्हणजे गोष्टीचे तुकडे, एका वेळी एक स्क्रीनवर येतो) झाले आणि तिथेच अडकलं. मग एक दिवस सहज बघितलं तर त्याच आठ महिन्यांत एका शेतीच्या गेममध्ये माझे ३१२ तास गेले होते. जूनपासून गेम पूर्ण बंद केला. सप्टेंबरअखेर ९६ पॅसेज झाले, गोष्ट शेवटापर्यंत पोचली, कच्ची आहे पण पोचली.

वेळेचा हिशोब तर आहेच पण माझा मुद्दा तेवढाच नाहीये. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचं ऐकून घरी आलं की आता काहीतरी आपण ठरवावं, आपल्या हाताने काहीतरी उगवावं अशी जी भूक असते ना, त्याच भुकेवर मी लिहिते, आणि गेम ती भूक पाऊण तासात भागवून टाकतो. मुळा लावला, मुळा आला, झोप. मग लिहायला बसायची ओढच राहत नाही.

आणि दुसरं, जे मला जास्त लागलं, ते आजीबद्दल. जूनमध्ये जुने पॅसेज वाचले तर माझी आजी काम सांगणारं कॅरेक्टर झालेली. औषध आण मग किल्ली देते, किल्ली मिळाली की ट्रंक उघड, ट्रंकेतलं पत्र वाण्याकडे ने. खरी आजी असं कधी वागते का? मी माणूस लिहायला बसले होते आणि गेमची सवय हातात इतकी भिनली होती की तिचं दुकान करून ठेवलं.

म्हणून माझं मत, कच्चा खर्डा पुरा होईपर्यंत गेम बंद. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, पण 'रिसर्च म्हणून खेळतो' हे कारण नको, ते मी स्वतःला आठ महिने देत होते.

शेवटची_लोकल:
अजिबात पटलं नाही. अख्खा हा प्रकारच खेळणाऱ्यांनी जन्माला घातलाय ताई. विल क्राउदर गुहांमध्ये फिरणारा प्रोग्रामर होता, केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या नकाशांवर काम केलेला. १९७६ च्या आसपास त्याने आपल्या मुलींसाठी अक्षरांवर चालणारी, आज्ञा टाईप करत फिरायची गुहा बनवली, त्यात त्याला स्वतःला आवडणारा टेबलावरचा डंजन्स अँड ड्रॅगन्स मिसळला. १९७७ मध्ये डॉन वुड्सने ती वाढवली. एमआयटीतल्या पोरांनी ती खेळून संपवली आणि लगेच झॉर्क नावाचा स्वतःचा तसाच गेम लिहायला घेतला, त्यातूनच १९७९ मध्ये इन्फोकॉम कंपनी उभी राहिली. ते खेळले नसते तर लिहिलंच नसतं.

आणि सॅम बार्लो बघा. १९९९ मध्ये त्याने आईल नावाची गोष्ट लिहिली, सुपरमार्केटात माणूस उभा आहे, तुम्ही एकच आज्ञा टाईप करायची आणि गोष्ट संपते, पुन्हा सुरू करून दुसरी आज्ञा द्यायची. मग तो मोठ्या गेम्समध्ये काम करायला गेला, आणि २०१५ मध्ये हर स्टोरी केला, त्यात खेळणारा शोधाच्या चौकटीत शब्द टाईप करून मुलाखतीच्या क्लिप्स शोधतो. टाईप करून गोष्ट उकलायची तीच जुनी खोड, फक्त मधली सगळी वर्षं गेम बनवत घालवलेला माणूस. तुमच्या हिशोबाने ती वर्षं वाया गेली का?

तुमच्या आजीचं जे झालं ते गेममुळे नाही, एकाच गेममुळे झालं. एकच लेखक आठ महिने वाचला असता तरी तसंच लिहिलं असतं.

सांजवात:
@शेवटची_लोकल, झॉर्कवाल्यांनी खेळून *संपवली* हे तुम्हीच लिहिलंत. माझा गेम संपतच नाही, शेताला शेवट कुठे असतो. आणि त्याच गुहेच्या गेमबद्दल जुना किस्सा सांगतात ना की त्याच्यामुळे सगळा कॉम्प्युटर उद्योग दोन आठवडे मागे पडला. खरंखोटं बाजूला ठेवा, पण तेव्हाच्या लोकांनाही ते जाणवलं होतं एवढं नक्की. लिहिणारे दोघंचौघं निघाले, बाकी सगळे गुहेतच राहिले असतील, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत म्हणून आपण मोजत नाही.

रेवती_टाईप्स:
मी सांजवातच्या बाजूने, आणि जरा कडक बोलणार आहे. मला दोन मुलं आहेत, रात्री साडेनऊ ते अकरा एवढाच वेळ माझा. त्या दीड तासात मोबाईलवरचा एखादा गेम उघडला की रोजचं बक्षीस घ्या, सीझन संपायला चार दिवस उरले, मैत्रिणीला एक लाईफ पाठवा. हे गेम तुम्ही उठू नये म्हणूनच बनवलेले असतात. ते खेळून क्राफ्ट सुधारतं म्हणणाऱ्यांनी मला त्यातून आलेलं एक वाक्य दाखवावं, एक.

पण सगळंच बंद करा असंही म्हणणार नाही. १९९५ पासून दरवर्षी आयएफकॉम्प ही इंटरॅक्टिव्ह फिक्शनची स्पर्धा भरते, त्यात परीक्षकांनी पहिल्या दोन तासांत जे अनुभवलं त्यावरच मार्क द्यायचे असतात, म्हणून बऱ्याच गोष्टी त्या बेताच्या असतात. फुकट आहेत सगळ्या. एक संध्याकाळ, एक गोष्ट, संपली की लॅपटॉप बंद. मी याला खेळणं म्हणत नाही, वाचन म्हणते.

शेवटची_लोकल:
@रेवती_टाईप्स, म्हणजे तुम्हाला आवडलं की वाचन आणि नाही आवडलं की टाईमपास. डिस्को एलिझियम हा गेम दहा लाखांहून जास्त शब्दांचा आहे, ते काय मग? त्यात फासा चुकला, हरलात, तर गोष्ट अडत नाही, उलट हरण्याचा वेगळाच प्रसंग लिहिलेला असतो, आणि कित्येकदा तोच जास्त चांगला असतो. मी सहा वर्षं लिहितोय, माझ्या गोष्टीत चुकीची निवड म्हणजे 'तू मेलास, पुन्हा सुरू कर' एवढंच असायचं. तो खेळल्यावर मी तीन शेवट फाडून परत लिहिले. आता माझा नायक पोलीस चौकीत खोटं बोलताना पकडला जातो आणि तिथून गोष्ट जास्त रंगते. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं असतं?

रेवती_टाईप्स:
डिस्को एलिझियम लिहिणारा रॉबर्ट कुर्विट्झ आधी कादंबरीकार होता, आणि त्या गेमचं जग मित्रांबरोबर टेबलाभोवती बसून खेळताना वर्षानुवर्षं रचलेलं आहे. समोर माणसं बसलेली, एकमेकांना गोष्ट सांगत, फासे टाकत. तसं खेळणं मला शंभर टक्के मान्य. एकटीने पडद्यासमोर बसून मुळे लावणं आणि ते, दोन्हीला आपण 'खेळणं' हाच शब्द वापरतो म्हणून हा गोंधळ होतोय.

कुडाळचो:
टेबलाचं निघालं म्हणून लिहितो. आमच्या सिंधुदुर्गात दशावतार असतो, त्यात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरलेलं, कोण कधी येणार कोण कोणाला मारणार हे ठरलेलं, पण बोलायचं काय ते नट तिथल्या तिथे उभं करतो, समोरचा काय बोलला आणि लोकांचा मूड काय त्यावरून. इंटरॅक्टिव्ह फिक्शनवाले ज्याला फांद्या फुटून परत एका गाठीला येणं म्हणतात ना, ते आमच्याकडे दर जत्रेत बघायला मिळतं, मधे कितीही भटकले तरी वध झाल्याशिवाय सकाळ होत नाही.

आता हे नट शिकतात कसे? लहानपणापासून रात्र रात्र जागून बघतात. कोणी त्यांना म्हणत नाही की तू बघण्यात वेळ घालवतोस म्हणून तुझं काम होत नाही. पण खरा सांगायचा तर नुसतं बघून कोणी नट झालेलो मी बघूक नाय. एक दिवस कोणीतरी आजारी पडतो आणि तुला तोंडाला रंग लावून उभं करतात, तिथे खरं शिक्षण. सांजवातबाय, तू जूनमध्ये गेम बंद केलास म्हणून लिहून झालं की आठ महिने बघून घेतलेलं होतं म्हणून जूनमध्ये उभी राहिलीस? मला दुसरं वाटतं.

सांजवात:
@कुडाळचो, हे मी दोन दिवस डोक्यात घोळवतेय. खरंय की रिकाम्या हाताने मी जूनमध्ये बसले नव्हते. ऋतू बदलला की गावातली माणसं वेगळं बोलतात हे मी त्या गेममधूनच उचललंय, माझ्या चाळीत सोमवारी जोशीकाका जे बोलतात ते गुरुवारी बोलत नाहीत. पण यासाठी ३१२ तास लागत नाहीत हो, वीस तासांत कळलेलं होतं ते. उरलेले तास मी काही शिकत नव्हते.

चौथा_मजला:
मी कोडवाला माणूस, मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो तर कधीच न खेळलेल्या लेखकांचा. कादंबरी लिहिणारे हौसेने येतात, प्रत्येक पॅसेजला दोन फाटे देतात आणि दहाव्या निवडीला १०२४ शेवट होतात, मग पुढच्या महिन्यात फाईल बंद. हे उत्पादकतेचंच नुकसान आहे की नाही? जो थोडा तरी खेळलाय त्याला माहीत असतं की बहुतेक निवडींना वेगळा रस्ता लागतच नाही. एटी डेज हा गेम बनवणाऱ्या इंकल कंपनीने अशा गोष्टी लिहायची त्यांची इंक भाषा २०१६ मध्ये सगळ्यांना मोकळी करून दिली, त्यात एका डॅशने सगळे फाटे परत एकत्र येतात, फक्त एक व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्राममधली एक नोंद, लक्षात ठेवतो की तुम्ही चहा नाकारला होता, आणि चाळीस पॅसेजनंतर ती बाई म्हणते 'त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाहीत'. वाचक दचकतो. लिहिणाऱ्याला खर्च एका ओळीचा. पण तो दचका आधी स्वतःला बसलेला असल्याशिवाय ती ओळ कुठे ठेवायची ते कळत नाही.

म्हाळसा:
सगळे क्राफ्ट क्राफ्ट करताय आणि भाषेबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून लांबलचक लिहितेय, वाचा. आपण सगळे गेम इंग्रजीत खेळतो. इंग्रजीत 'यू' म्हटलं की झालं, तो कोण ती कोण विचारायची गरज नाही. त्या सवयीने आपण मराठीत लिहितो 'तू एका दारासमोर उभा आहेस'. संपलं! पहिल्याच वाक्यात अर्धे वाचक बाहेर. माझी भाची दहावीत आहे, तिला माझी पहिली गोष्ट खेळायला दिली तर ती पहिल्या स्क्रीनवर थांबून म्हणाली, मावशी, मी उभा नाहीये, उभी आहे. मला इतकं वाईट वाटलं, आणि वाईट याचं की मी स्वतः बाई असून मला ते खटकलं नव्हतं. पंधरा वर्षं इंग्रजी गेम खेळून माझ्या डोक्यातला 'तू' पुरुष झाला होता.

तेव्हापासून मी उपाय गोळा करतेय. 'तुम्ही'ने काम भागतं, 'तुम्ही आलात' ला लिंग नाही, पण आजी नातवंडाला तुम्ही म्हणणार नाही. 'तू आलास' 'तू आलीस' ला व्हेरिएबल लावावा लागतो. पण 'तू दार उघडलंस' बघा! तिथे क्रियापद दाराप्रमाणे चालतं, उघडणारा कोण याचा पत्ताच नाही. म्हणजे तू पत्र वाचलंस, चहा सांडलास, कडी काढलीस, हे सगळं कोणालाही लागू. मी आता अख्खे प्रसंग असे लिहिते की वाचक काहीतरी *करतो*, नुसता उभा राहत नाही, जात येत नाही. त्याने गोष्टीचा वेगच बदलला. आणि जिथे जमत नाही तिथे क्रियापदच गाळते. समोर दार. कडी आतून. आत कोणीतरी खोकतंय.

हे मला एकाही गेमने शिकवलं नाही, शिकवू शकतच नव्हता. त्यामुळे मी सांजवातच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे. लिहीत असताना इंग्रजी गेम कानात नको. सांजवात, तू 'नातवंड' लिहिलंस ते मुद्दाम ना? ते वाचून मी खूश झाले.

चौथा_मजला:
@म्हाळसा, हे कमाल आहे, माझ्या टूलमध्ये आज रात्रीच लिंगाचा व्हेरिएबल घालतोय. पण भाचीने *खेळून* सांगितलं ना? वाचून पान उलटलं असतं तर तिने नायक मुलगा आहे असं समजून सोडून दिलं असतं. तिला 'तू' म्हणजे मीच असं वाटलं, कारण ती गेम खेळणारी आहे.

म्हाळसा:
हो, ते मान्य. खेळणारी ती होती, मी नाही, एवढंच माझं म्हणणं.

सांजवात:
नातवंड मुद्दामच. आणि 'तू दार उघडलंस' वाचल्यावर काल बसून पहिले वीस पॅसेज परत लिहिले. आजीची किल्लीही काढून टाकली, ती आता पहिल्यापासून खिळ्याला लटकलेली आहे, आजी काहीच सांगत नाही, फक्त विचारते जेवण झालं का. नियम मात्र माझा तोच, फक्त आता शेवटचा खर्डा होईपर्यंत शेत बंद. ज्यांना मी लिंक पाठवलीय त्यांनी कृपया खेळून सांगा.

शेवटची_लोकल:
नियमावर आपलं जमणार नाही, पण खेळलो. दोनदा. आजीचं 'जेवण झालं का' तिसऱ्यांदा आलं तेव्हा घशात आलं. एक बग आहे: ६३ व्या पॅसेजला 'जिन्यावर थांब' निवडलं की पुढे काहीच होत नाही, तोच मजकूर परत येतो. मी तीन वेळा थांबून बघितलं.

सांजवात:
बग नाहीये तो. तिथे खरंच काही होत नाही, नातवंडाला नुसतं थांबायचं असतं. मला तेच लिहायचं होतं.

शेवटची_लोकल:
कळलं, पण खेळणाऱ्याला ते कळत नाही. तोच मजकूर तसाच परत आला की तुटलंय असं वाटतं आणि तो टॅब बंद करतो, मी तुमच्यासाठी म्हणून थांबलो. काहीतरी छोटंसं हलू द्या, एक शब्द सुद्धा चालेल.

सांजवात:
दुसऱ्यांदा थांबलं की वरच्या मजल्यावरचा रेडिओ बंद होतो. तिसऱ्यांदा जिन्यातला दिवा जातो. आत्ता घातलं, परत खेळून बघा.