मदत हवी आहे: 'राजा' जहाजातल्या कैदी बायकांचा शिक्षेनंतरचा माग कसा काढावा?

नमस्कार,

किरकोळ चोरीसाठी ब्रिटनमधून टास्मानियात (तेव्हाचं व्हॅन डीमेन्स लँड) काळ्या पाण्यावर पाठवलेल्या बायकांवर लेख लिहिते आहे. ऑस्ट्रेलियात अशा सुमारे २५,००० बायका गेल्या. मी फक्त 'राजा' हे एकच जहाज घेतलंय. १८४१ मध्ये ते १८० जणींना घेऊन हॉबर्टला पोचलं. तुरुंग-सुधारक एलिझाबेथ फ्राय यांच्या महिला समितीने दिलेल्या सुई-दोऱ्याने आणि चिंध्यांनी या बायकांनी वाटेत जी गोधडी शिवली, ती आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. २,८१५ तुकडे! तिचा फोटो मोठा करून टाके बघा, काही सफाईदार आहेत, काही अगदी नवशिके.

शिक्षेच्या काळातलं बरंच काही सापडतं. टास्मानियाच्या अभिलेखागाराने कैद्यांची वर्णनाची आणि वर्तनाची पत्रकं मोफत ऑनलाइन ठेवली आहेत. उंची, डोळ्यांचा रंग, मूळ गुन्हा, आणि मग तिथल्या चुकांची यादी: ज्या घरी कामाला ठेवलं तिथल्या मालकिणीला उलट बोलली, रात्री न सांगता बाहेर राहिली, दारू प्यायली. त्यासाठी हॉबर्टच्या कास्केड्स फीमेल फॅक्टरीत (कैदी बायकांचा तुरुंग) रवानगी, एकांत कोठडी नाहीतर धुण्याचं काम. म्हणजे बाई सरळ वागली तर तिच्याबद्दल जवळपास काहीच लिहिलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अडचण सुरू होते ती शिक्षा संपल्यावर. सरकार परतीचं भाडं देत नसे. पुरुष खलाशी म्हणून काम करत परतू शकत, बायकांना ती सोय नव्हती. पुष्कळजणींनी तिथेच लग्न केलं, आडनाव बदललं. १८५१ नंतर सोन्याच्या ओढीने टास्मानियातून कितीतरी लोक व्हिक्टोरियात गेले, आणि १८५२ मध्ये तिथे माजी कैद्यांना अडवणारा कायदा झाला, त्यामुळे जुनी ओळख लपवणंच शहाणपणाचं.

कैद्यांना लग्नासाठी सरकारी परवानगी लागे, त्या नोंदवह्यांतून नवं आडनाव मिळतं. पण शिक्षा संपल्यावर लग्न केलं असेल तर कुठून सुरुवात करायची? टास्मानियातल्या लॉन्सेस्टन ते व्हिक्टोरियातल्या मेलबर्न बोटींच्या प्रवासी याद्या नावानिशी शोधता येतात का? आणि आईपासून काढून हॉबर्टजवळच्या न्यू टाउनच्या अनाथाश्रमात ठेवलेल्या मुलांच्या नोंदींत आईचं नाव असतं का?

हॉबर्ट किंवा मेलबर्नला राहणाऱ्या, वंशावळीचं काम केलेल्या कुणी सांगितलं तर फार मदत होईल. तेव्हाचं हस्ताक्षर वाचता येणारं कुणी असेल तर दोन पत्रकं इथेच टाकते, त्यांतले काही शब्द मला अजिबात लागत नाहीत.